ठमीचं वय

सोमवार, ३ मे १९५४
पाठवून तर बसले! अंबरनाथच्या मुलींच्या खाजगी शाळेत, वसतिगृहासकट, फी माफ अशी जागा एकच. त्या जागेसाठी सोनिवलीच्या माझ्या चौथीतून मी ठमीचं नाव कळवलं. मुलाखत २६ला. अट अशी, की एक जूनला मुलीला अकरा पुरी झालेली नकोत. आमच्या रजिस्टराप्रमाणे ठमी दहाची. बसते.
तरी सकाळपासून तीनदा अर्ज वाचला.

गुरुवार, ६ मे
सुट्टीत शाळेच्या ओट्यावर शिकवते. हुशार पोर, पण उत्तर देताना मान खाली. "समोर बघ." तर म्हणते, "मोठ्या मान्सांच्या तोंडाकडं कसं बघू, बाई?" मला तरी हे कुणी शिकवलं होतं? आमच्या घरात शाळेत गेलेली पहिली मीच. अजून साहेबापुढे गेले की माझीही मान खालीच असते. आणि मी हिला शिकवणार!

सोमवार, १० मे
नाव, गाव, वडिलांचा धंदा, सगळं नीट. जन्मतारीख? "एक जून एकोणीसशे चव्वेचाळीस." धडाधड. मग जरा थांबून — "पन आई म्हनते मी भाताच्या आवनीत झाले. आईला चिखलातनं उचलून घरी आनली. एक जूनला आवनी कुठं असते, बाई?"
खरंच कुठे असते! तेव्हा पाऊससुद्धा नसतो, रोपं कुठली लावणार? ती तारीख रजिस्टरात मीच लिहिली आहे. हेडमास्तर म्हणाले होते, "तारीख ठाऊक नसेल तिथे पहिली जून लिहा. साल अंगकाठी बघून." ठमी चणीने लहान. माझी स्वतःचीही पहिली जूनच आहे. कधी काही वाटलं नव्हतं.

मंगळवार, ११ मे
राहवेना. ठमीच्या घरी गेले. तिची आई आवडी भात कांडत होती. ही कुठल्या साली झाली, विचारलं. "साल आमाला काय ठाव? कल्यानकडं सोजिरांचं तळ पडलं नाय का, तवा ही रांगत व्हती." लढाईतल्या सैनिकांचे, ज्या बराकींत आता सिंधी मंडळी राहतात, ते तळ. माझे वडील, आण्णा, तिथे भाजी पोचवायला लागले तो त्रेचाळीसचा उन्हाळा. माझ्या पक्कं लक्षात आहे.
मी तिथेच बोटांवर मोजलं, आणि मोठ्याने! "म्हणजे बेचाळीसची आवणी. या आवणीला बारा पुरी होतील. तेरावं लागेल."
तिचा बाप चांगो दारात कोयता घासत होता. त्याचा हात थांबला. "तेरावं? आमी तर पोरीला लहानच समजत व्हतो."
मी उठले. डोक्यात एकच — अकरा उलटून गेली!

शुक्रवार, १४ मे
हेडमास्तरांना म्हटलं, रजिस्टर दुरुस्त करू या. "कशाच्या आधारावर? सोजिरांच्या? खाडाखोड दिसली की इन्स्पेक्टर दोघांनाही उभं करील. पोरीची जागा जाईल ती वेगळीच." वर हसून — "खोटं नाही हो हे, बाई. सरकारी खरं आहे."
रात्री ताट तसंच सरकवलं. आई म्हणते, "मुलाखत पोरीची का तुझी?"

शनिवार, २२ मे
ठमी — "बाई, मंग मी किती वर्सांची?"
"दहा."
"आनि घरी?"
मी फळा पुसला.

बुधवार, २६ मे
झाली मुलाखत. तिथल्या मोठ्या बाईंनी मला मागे बाकावर बसू दिलं. ठमीने मान वर ठेवली. कविता म्हटली, भागाकार केला. मग जन्मतारीख. बाई म्हणाल्या, "अगंबाई, येत्या मंगळवारी वाढदिवस की! काय असतं घरी?"
ठमीची पापणी हलली नाही. "आई गुळाचे घावन करते."
त्या घरात वाढदिवस हा शब्द कधी कुणी उच्चारला नसेल! हे मी शिकवलं नव्हतं. तारीख शिकवली, पुढचं तिचं ती शिकली. मी उठून सांगायला हवं होतं. दोनदा पदर सावरला. बसून राहिले.
वाटेत तिने विचारलं, "बरं बोलले ना?" बरं बोललीस म्हटलं.

मंगळवार, १ जून
पत्र नाही.

शनिवार, ५ जून
आलं! ठमीची निवड झाली. १४ला हजर व्हायचं. पत्र हातात घेऊनच सोनिवली गाठली.
चांगोने ते ऐकूनही घेतलं नाही. "बाई, तुमी सांगितलंत म्हनून समाजलं. तेराव्यात आलेली पोर आता शालंत कशाला? सोमवारी वांगनीचं पाव्हनं येतात. सुपारी फोडायची."
मी म्हटलं, फी माफ आहे, जेवणखाण तिथेच आहे. तर म्हणाला, "तुमीच मोजलंत की!" वर हात जोडले. टोमणा नव्हता. मनापासून उपकार मानत होता.
आवडी चुलीपुढे बसलेली. लाकूड आत सारत राहिली. ठमी दिसलीच नाही.
त्या घरात पोरीचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. मी चालत जाऊन सांगून आले!

रविवार, ६ जून
खरं बोलून पोरीचं हे केलं. आता?

सोमवार, ७ जून
पाहुणे बसले होते. उभ्यानेच सांगितलं — माझा हिशेब चुकला, पोर दहाची आहे. चांगोने विचारलं, "कसा चुकला?" सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले.
तेवढ्यात आतून आवडी बाहेर आली. "बाईंचं नाय चुकलं. मीच वेंधळी, मीच उलटं सांगितलं. तळ पडलं तवा ठमी माझ्या पोटात पन नव्हती."