काटा हलेना

२ जुलै
आले एकदाची! उपकेंद्राची नर्स म्हणून आज हजर झाले. दवाखान्याच्या मागेच राहायला दोन खोल्या, नळाला पाणी, खिडक्यांना जाळी. आणखी काय हवं? माझी लेक चिमी दोन्ही खोल्यांतून भिंगरीसारखी फिरत होती. झाडलोट करणाऱ्या मावशींनी तिला कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, ही पोर आहे की पोतं! आधीची नर्स बदलून गेल्यापासून केंद्राला कुलूपच होतं. छताच्या कडीला बाळांचा वजनकाटा लटकत होता, खाली कापडी झोळी. काटा पुसला, झोळी धुऊन वाळत घातली. परवा वजन आणि लसीकरण.

४ जुलै
व्हरांडा बायकांनी गच्च भरला. सुई टोचली की पोरं टाहो फोडत, आया हसत. शिंप्याची छकुली सगळ्यांत गुटगुटीत, तिच्या आजीला तर केवढा तोरा!
शेवटी एक अनवाणी, काटकुळी बाई आली. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ तिनं स्वतःच झोळीत ठेवलं. काटा हलेना. मी झोळी हातानं दाबली, काटा पळाला. सोडली, पुन्हा शून्य. भरलं का हो वजन, असं तिनं हळूच विचारलं. मी ओशाळले. काटा बिघडलाय, पुढच्या वेळी या म्हटलं.
मावशींना विचारलं, ही कोण? त्या म्हणाल्या, कोण ही? शेवटी तर छकुलीच होती की.

११ जुलै
सगळ्याच बाळांची वजनं घटली आहेत. छकुलीचे गाल तेच, मांड्यांच्या वळ्या त्याच, पण झोळीत ठेवली तर काटा जेमतेम सरकला. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, काटा बदला. मावशी दुपारी नवा घेऊन आल्या. तोही तेच सांगतो.
मग ती अनवाणी बाई आली. या वेळी तिच्या बाळाचा काटा थरथरला. ती हसली. दुपटं बाजूला करून बघायचं माझं धाडस झालं नाही.

१२ जुलै
तिचं वर्णन ऐकून मावशींनी हातातला झाडू बाजूला ठेवला. केंद्र बंद असताना अशीच एक बाई आजारी बाळ घेऊन यायची म्हणे. इथली वजनाची चिठ्ठी नसेल तर मोठ्या दवाखान्यात कुपोषित बाळाला दाखल करून घेत नाहीत. ती बंद दाराशी बसून राहायची. बाळ पायरीवरच गेलं. मागोमाग तीही.

१८ जुलै
छकुली गेली. झोपेतच. आजीनं उचललं तर हातात नुसतं फडकं धरल्यासारखं वाटलं म्हणे.
आज वजन केलं नाही. दाराला आतून कडी घातली. तरी ती पायरीवर बसलेली होतीच. शेवटी खिडकीतून म्हटलं, बाई गं, तुझं लेकरू केव्हाच गेलंय.
ती म्हणाली, नर्सबाई, वजन भरल्याशिवाय कसं जाईल?

१९ जुलै, सकाळ
चिमीला उचललं. हाताला काही लागलंच नाही. ती खिदळतेय, तिला गंमत वाटते. देवा, माझी चिमी नको –
मावशी गाडी आणायला गेल्यात.

दुपार
गाडी नाही. मावशीही नाहीत. पायरीवर ती.
तिला हवी ती चिठ्ठी देऊन टाकते. मग तरी जाईल.

थोड्या वेळानं
दार उघडलं. तिनं आपलं बाळ झोळीत ठेवलं. काटा सरसर फिरला – शेवटच्या आकड्यापर्यंत. मी चिठ्ठी लिहून दिली. तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. आता दवाखान्यात तुम्हीच न्या म्हणाली. आणि गेली –

बाळ सरकत नाही. धोंडा ठेवल्यासारखं. पाय बधिर झालेत. उठता येत नाही. मावशींना हाका मारल्या –

चिमी आई आई करतेय. आवाज वरून येतोय. छताला टेकलीय – हात पुरत नाही माझा – दार उघडंच राहिलंय, बाहेर वारा सुटलाय, चिमी दाराकडे सर