लाभ धरून साठ

बाबा, सगळं बदललं ते कोथरूडला, एका क्लासच्या पार्किंगमध्ये. ती हेल्मेटचा पट्टा लावत होती आणि लावता लावता म्हणाली, "कॉलेज अर्धवट सोडलंस, तबला अर्धवट सोडलास, आत्ता माझं वाक्यसुद्धा अर्धवट तोडलंस. एक गोष्ट पुरी कर, मग बोलू. मी थांबेन असं म्हणत नाहीये हं." तुम्हाला ती माहीत असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, आणि ती मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी भेटली. दुसऱ्या वर्षी मी एका सरांशी भांडून वर्गातून उठलो तो परत गेलोच नाही. ती शिकून बाहेर पडली, आता त्या क्लासमध्ये शिकवते. त्या दिवशी मी तिला लागेल असं काहीतरी बोललो आणि गाडी काढून विश्रांतवाडीला घरी आलो. वाटेत सिग्नल किती तोडले ते आठवत नाही.

पुरी करता येईल अशी एकच गोष्ट तेव्हा हाताशी होती, मोबाइलवरचा व्यायामाचा प्रोग्राम. घरच्या घरी चाळीस मिनिटं उड्या, जोर, बैठका, पुन्हा उड्या. रोज तोच व्हिडिओ, साठ दिवस, सुट्टी नाही. त्यातला माणूस इंग्रजीत ओरडत राहतो आणि त्याला दम लागत नाही. मी बाहेरच्या खोलीतला दिवाण भिंतीला सरकवला आणि सुरू केलं. तिसऱ्या दिवशी मोरीत जाऊन ओकलो. चौथ्या दिवशी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला. आई ओट्यापाशी कणीक मळत होती, तिच्याकडे पाणी मागितलं. न बघता म्हणाली, "तुझ्या बाबांनी आयुष्यात एक उडी मारली नाही. पण दिवसभर बाजारात काट्यापाशी उभे राहायचे आणि घरी येऊन पाणी स्वतः घ्यायचे." त्यानंतर मी पाणी मागितलं नाही.

पहिल्या दिवशी घाम पुसून झाल्यावर कॅलेंडरच्या चौकोनात मी 'लाभ' लिहिलं. हात आपोआप तसाच गेला. तुम्ही भुसार बाजारात मापाडी. पोतं काट्यावर चढलं की मोठ्याने मोजायचं तुमचं काम, आणि पहिल्या पोत्याला तुम्ही कधी 'एक' म्हणाला नाहीत. लाभ, दोन, तीन, अशी तुमची हाक चालायची. दुसऱ्या दिवशी मात्र मी चौकोनात 'एक' लिहिलं, तिसऱ्या दिवशी 'दोन', आणि तसाच पुढे गेलो.

तिसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचे काका वर आले. रिटायर्ड गृहस्थ, एकटेच असतात. दारातच उभे राहिले. "अहो, आपण वर नक्की काय पाडताय?"

"व्यायाम करतोय."

"छान. किती दिवस चालणार आहे? म्हणजे पंखा कधी उतरवून ठेवायचा ते मला ठरवता येईल."

एरवी मी त्यांच्या तोंडावर दार आपटलं असतं. का कोण जाणे, म्हणालो, "साठ दिवस."

"बरं. मोजतोय मी."

ते खाली गेले आणि खरंच मोजत राहिले. माझा उजवा गुडघा सुजला, उतरला, पुन्हा सुजला. आई रात्री शेकायला गरम मीठ पुरचुंडीत बांधून द्यायची. तिचा, म्हणजे त्या मुलीचा, नंबर मी रोज उघडून बघायचो आणि बंद करायचो. पुरं झालं की लावू, असं म्हणायचो.

आज सकाळी व्यायामाच्या मध्येच बेल वाजली. काका.

"काल साठ झाले."

"नाही काका, आज साठावा."

"पहिल्या दिवशी माझ्या आमटीत छताचा चुना पडलाय. तो दिवस मी विसरेन होय?" चष्मा वर करून त्यांनी माझ्या खांद्यावरून कॅलेंडर बघितलं. महिन्यांची पानं मी शेजारी शेजारी चिकटवली आहेत. "हे लाभ काय? अहो, लाभ म्हणजेच एक ना? कुठल्या शाळेत होतात आपण?"

मी नऊ वर्षांचा आहे, शनिवारची शाळा सुटल्यावर बाजारात तुमच्या शेजारी उभा. गव्हाचा वास, घशात धूळ. मी विचारतो, बाबा, मग लाभ मोजायचा का सोडून द्यायचा? काट्यावरची नजर न काढता तुम्ही म्हणता, "मोजायचा रे गाढवा. नाहीतर एक पोतं फुकट जाईल की." हमाल हसतात. मी रागाने गेटबाहेर जाऊन बसतो. तुम्ही मला शोधायला आला नाहीत. सगळी पोती संपल्यावर आलात, आणि मूठभर हरभरे माझ्या हातावर ठेवून चालायला लागलात.

काकांना मी म्हटलं, चूक झाली. ते खरं नाही, बाबा. चाळिसाव्या की एकेचाळिसाव्या दिवशी नवं पान चिकटवताना चौकोन मोजले होते, तेव्हाच मला कळलं होतं. तरी दुरुस्त केलं नाही. एक दिवस जास्तीचा मिळतोय, तेवढाच उशिरा तिच्यासमोर जावं लागेल, म्हणून. पुरं करून गेलो आणि ती नुसतं 'बरं' म्हणाली तर काय, याची भीती वाटत होती. अजून वाटते.

आजची चाळीस मिनिटं मी निम्म्यावरच थांबवली. आंघोळ करून शर्ट बदलला. तुम्हाला लिहिलेला हा कागद व्यायामाच्या मॅटखाली राहील, झाडताना आई काढेल. ती स्वयंपाकघरातून विचारतेय, "जेवून जाणार का?"

"आल्यावर जेवतो."

"कुठे चाललास?"

"कोथरूडला."

आत ताटावर झाकण ठेवल्याचा आवाज येतो. आता पेन ठेवतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.