कोरड्या बिस्किटाचा रकाना

तीर्थरूप ताई,

धाकट्याचा नमस्कार. कंबर जितकं वाकू देते तितका वाकलो आहे, राहिलेला नमस्कार मनातून केला आहे, तो तेवढा सांभाळून घे.

तब्येत कशी आहे असं विचारायची रीत आहे म्हणून विचारतो. खरं तर मला कळलेलं आहे. भाचेबुवांचा फोन आला होता. नवी कवळी तू पाण्याच्या पेल्यात घालून खिडकीत ठेवली आहेस म्हणे, नुसतं दूध आणि पातळ काहीबाही पितेस, आणि कुणी ताट पुढे केलं की 'आता खाऊन काय दिवे लावायचेत' म्हणून तोंड फिरवतेस. ब्लाउजना बाजूने टाचण्या लावाव्या लागतात, असंही ते म्हणाले. (टाचण्या लावू नका म्हणावं. टोचतात. आतल्या बाजूने टाके घाला.) त्याबद्दल मी या पत्रात एक शब्द काढणार नाही. तुला शिकवण्याइतका मोठा मी अजून झालेलो नाही. माझं म्हणशील तर मी सकाळी कवळी बसवतो ती थेट झोपताना काढतो. पण ते असो. मी आमच्याकडची गंमत कळवायला बसलो आहे.

सूनबाईंच्या कचेरीत एक ॲप केलेलं आहे, हे तुला मागे सांगितलंच होतं. खाण्याच्या पाकिटावर काळ्या उभ्या रेघा असतात ना, त्यांच्यासमोर फोन धरायचा, की फोन सांगतो आत साखर किती, मीठ किती, तेल कसलं. ही माहिती कचेरीतली माणसं भरत नाहीत, तुमच्याआमच्यासारखीच कुणी कुणी आपापल्या घरी बसून भरतात. आता कचेरीने ठरवलं आहे की कुणाला काय जाणून घ्यायचं असतं हे आपल्याला कुठून कळणार? तेव्हा ज्या मंडळींना जे हवं, ते त्यांनी स्वतः त्या ॲपला जोडावं. या जोडण्याला सूनबाई काहीतरी लांबलचक नाव घेतात, पण मी जन्मभर शिवणयंत्रावर बसलेला माणूस, मला तो खिसा वाटला. कोट कचेरीने शिवलाय. आता चष्म्याचा खिसा ज्याला हवा त्याने तो लावावा, तपकिरीचा ज्याला हवा त्याने तो. शेंगदाण्याने अंगावर गांधी उठतात अशा पोरांच्या आयांनी मिळून एक खिसा लावला. ज्यांना दिसत नाही त्यांनी पाकीट कुठल्या कोपऱ्यातून फाटतं ते सांगणारा लावला. ऐकून मला आधी काळजीच वाटली. इतके खिसे लावले तर कोट लोंबणार नाही का? सूनबाई म्हणाल्या, नाही लोंबत. मग मला दुसरी काळजी लागली, की सगळ्यांचे खिसे होतील आणि आपलाच राहून जाईल.

म्हणून बागेतल्या बाकावर विषय काढला. बाकावर आम्ही तिघं असतो. मास्तर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले पण अजून निवृत्त न झालेले. दुसरा शिट्टी, ज्याचे पुढचे दोन दात गेल्यापासून प्रत्येक वाक्यातून वारा वाहतो. आणि मी. तिघांच्या तोंडात मिळून एका माणसाला पुरतील इतके दात. मास्तरांनी डोळे मिटून विचार केला (आम्हाला वाटलं झोप लागली, ती लागलीही होती) आणि जागे झाल्यावर म्हणाले, आपण दातांचा खिसा लावायचा. पाकिटातली वस्तू आपल्यासारख्याला चावेल की नाही, हे विकत घेण्याआधी कळलं पाहिजे. शेरे तीनच ठेवले. 'विरघळतं', 'ऐकतं' आणि 'भांडतं'. सूनबाईंनी रविवारी बसून तो खिसा जोडून दिला, आणि कामाला लागलो.

रोज दुपारी बागेच्या फाटकाशी चहा घ्यायचा, बाकावर बसायचं, एकेक पाकीट फोडायचं, चाखायचं आणि शेरा लिहायचा. पाकिटं शोधून आणायचं काम माझ्याकडे. ताई, त्या मोठ्या दुकानात दुपारी कुणी नसतं. गार हवा असते, दिवे पांढरे असतात, फरशीवर आपलंच पाऊल आपल्याला ऐकू येत नाही. मी मांडण्यांमधून फोन धरून फिरत राही. फोन हळूच टिंग करी, मी पुढे जाई. पाण्याखालून चालल्यासारखं वाटे. अशा तंद्रीत एकदा मी फोन धरला तो तिथल्या कामगाराच्या सदऱ्यासमोर. सदरा उभ्या रेघांचा होता आणि शिलाई सरळ नव्हती, त्यामुळे माझी नजर तिथेच अडकली होती. फोनवर अक्षरं आली: 'याबद्दल अजून कुणाला माहीत नाही. तुम्ही सांगता का?' कामगार म्हणाला, आजोबा, मी विकायला नाहीये. मी शरमलो, पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. शाळेत मला सगळे प्रश्न 'सांग, येत नाही ना तुला?' असेच विचारले गेले. (आणि येत नसे.) 'तुम्ही सांगता का' असं या वयात पहिल्यांदा कुणी विचारलं.

मग मला दुपारच्या आरामखुर्चीत तेच दुकान दिसायला लागलं. स्वप्नात मांडण्या फार उंच, ढगात गेलेल्या. पाकिटं आपापसात हळू बोलताहेत, मी विरघळतो, मी ऐकतो, मी जरा भांडखोर आहे हो. आणि दूर कुठे कुठे, आपण कधी न पाहिलेल्या गावांतून, बोळक्या तोंडाची माणसं फोन वर करून उभी आहेत आणि आमच्या बाकावरचा शब्द त्यांच्यापर्यंत तरंगत जातोय: घ्या, हे चालेल तुम्हाला. इतकं सुख मला लग्नाच्या कोटाचं काज बरोबर बसल्यावरसुद्धा झालं नव्हतं.

आमच्या खिशाला पुष्कळ लोक लागले. आम्ही शेरे देत सुटलो. बिस्किटं विरघळली, टोस्ट विरघळले, खाऱ्या काड्या ऐकायला लागल्या. एक टॉफी होती, ती सुरुवातीला ऐकत नव्हती, पण शिट्टीने मास्तरांचं एक पूर्ण भाषण होईपर्यंत धीर धरला आणि मग तीही ऐकली. 'भांडतं' हा शेरा एकदाही द्यावा लागला नाही. मास्तर म्हणाले, हल्लीचे कारखानदार म्हाताऱ्यांचा विचार करतात. आम्हाला फार बरं वाटलं.

आणि मग तक्रार आली. कुठल्याशा गावच्या एका बाईंनी लिहिलं, तुमच्या खिशाने 'विरघळतं' म्हटलं म्हणून बाबांना टोस्ट दिला, त्यांच्या कवळीचे दोन तुकडे झाले. मागोमाग दुसरी, तिसरी. एका गृहस्थांनी विचारलं होतं की शेरे देणाऱ्यांचे दात पोलादाचे आहेत काय. कचेरीने खिसा तात्पुरता शिवून बंद केला. मला अन्न गोड लागेना. पोलीस येतील की नुसतं पत्र येईल, पोलीस आले तर कुठला कोट घालायचा, इथपर्यंत विचार झाला. सूनबाई मात्र शांतपणे बाकावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, नेहमीसारखं करा, मी बघते. आम्ही चहा घेतला, पाकीट फोडलं. त्या बघत राहिल्या.

"बाबा," त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळंच चहात बुडवता?"

"मग कशात बुडवायचं?"

"लोक कोरडंही खातात, बाबा."

"कोण?" शिट्टीने विचारलं. टिंगल म्हणून नव्हे, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ताई, तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस तिघं जाणती माणसं शेरा देत होतो तो चहाला. कोरडं खाऊन बघायचं ठरलं. मास्तरांनी तत्त्व म्हणून नकार दिला. माझा हात आपणहून कपाकडे जाई, म्हणून कप लांब ठेवला, तर मीच कपापर्यंत जाऊन आलो. शिट्टीचा कप काढून घेतला तेव्हा त्याने बागेच्या नळाखाली बिस्कीट धरलं. सूनबाईंनी हात टेकले.

त्या दुपारी पुन्हा ते दुकान दिसलं. या वेळी पाकिटं गप्प होती. आणि पलीकडच्या रांगेतून आवाज आला, कुडुम कुडुम. मी ओळखला. बिस्कीट चहात बुडवलं तर तू कप ढकलून द्यायचीस, आठवतं? भिजलेलं म्हणजे मेलेलं, म्हणायचीस. अंधारात डबा उघडून कोरडंच खायचीस, आणि आई आतल्या खोलीतून म्हणायची, उंदीर आला वाटतं, वेणी घातलेला. मी स्वप्नात रांग वळून धावत पलीकडे गेलो. तिथे उघडं पाकीट होतं. तू नव्हतीस. जागा झालो तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं आणि ऊन खुर्चीवरून सरकून भिंतीवर गेलं होतं. मग उठून भाचेबुवांना फोन केला, तर ते म्हणाले, आजही नुसतं दूधच.

असो. त्याबद्दल बोलणार नाही म्हटलं होतं, आणि मी बोललेलो नाही.

मुलांना आशीर्वाद, भाचेबुवांना सांग की खिडकीतला पेला उन्हात ठेवू नका, कवळी वाकडी होते.

तुझा काळजीखोर धाकटा

ता. क. सोबत खोकं पाठवलं आहे. आत निरनिराळी पाकिटं आहेत. बाकाच्या सभेत एकमताने (मास्तर झोपले होते, पण त्यांची मान हलली) ठरलं आहे की कोरड्याचे शेरे देणारं माणूस आपल्या सगळ्या गोतावळ्यात एकच आहे. कवळी घालून एकदा आणि न घालता एकदा, असे दोन्ही शेरे लागतील. आवडण्यासाठी खाऊ नकोस, शेऱ्यासाठी खा. तुला फोनमधलं काही करावं लागणार नाही. मला फोन लाव, बोलू नकोस, चाव. आवाजावरून मी लिहून घेईन.

ता. क. दुसरा. वर मी माझ्या कवळीबद्दल जे लिहिलं आहे ते वाचताना तू हसली असशील. ती रुमालात गुंडाळून माझ्या खिशात असते. खऱ्या खिशात. तू घातलीस तर मीही घालीन, आणि तू फोनवर चावलंस की मी इकडून चावीन. चहा लांब ठेवून.

ता. क. तिसरा. आधीच्या दोन्ही ता. क. मधली निकड तितकीशी खरी नाही, हे सांगितलेलं बरं. सूनबाईंनी आमच्या शेऱ्यांपुढे 'चहात बुडवून' एवढे दोन शब्द जोडले आणि खिसा परवाच पुन्हा उघडला. तक्रारी थांबल्या. खाली 'कोरडं' म्हणून एक रकाना केला आहे. तो भरायला इतर गावांची दातवाली माणसं तयार आहेत, सूनबाई रोज विचारतात, बाबा, भरू देऊ का त्यांना? मी म्हणतो, थांबा जरा. त्यामुळे अजून कुणीही कुठल्याही गावात पाकिटासमोर फोन धरला की त्या रकान्यात एवढंच येतं: 'याबद्दल अजून कुणाला माहीत नाही. तुम्ही सांगता का?'