लांडगा काळी चारमध्ये

२४ ऑगस्ट, रविवार
मुलाने, रोनकने, पुण्याहून सॉफ्टवेअर पाठवलं. जगातल्या जुन्या सूरपद्धती लॅपटॉपवर ऐकवतं. दोन तासांत कळलं, आजवर अख्खं जळगाव बेसूर ऐकत आलंय. कोणीतरी सुधारायला हवं. माझं हार्डवेअरचं दुकान असलं म्हणून काय झालं, कान उपजत आहे.

२६ ऑगस्ट
घरात पेटी एकच. लाडकुंवरने लग्नात पाचोऱ्याहून आणलेली, तिच्या बाउजींची, म्हणजे वडिलांची. १४ सप्टेंबरला धुळ्यात तिची भक्तिगीत स्पर्धा. आठ वर्षांनी नाव दिलंय. तोवर पेटी ऐतिहासिक करून देतो. सरप्राइज.

२९ ऑगस्ट
पद्धत ठरली. मीनटोन, जुन्या युरोपातली. सा-पच्या बारा जोड्या. अकरा सांभाळायच्या आणि सगळा बेसूरपणा बाराव्या जोडीत लोटायचा. ती जोडी भेसूर ओरडते, म्हणून तिला लांडगा म्हणतात. सॉफ्टवेअरने आधी विचारलं, गाणाऱ्याची पट्टी कोणती? सफेद एक भरलं. माझी तीच.
लांडगा काळी चारमध्ये गेला. तिकडे आपल्या घरात कोण जातं?

३ सप्टेंबर
ही बोदवडला बहिणीकडे. दुकानातून नवी कानस आणली. पेटीतली पितळी पाती घासायची: सूर चढवायला टोक, उतरवायला बूड. दोनदा उलटं झालं. संशोधनात चालायचंच.

७ सप्टेंबर, रात्री ८
ही परतली. चहा मीच केला, दोन चमचे साखर घालून. घेतला नाही. प्रवासाचा शीण.
पेटी दाखवली. मी सफेद एकमधून वाजवली, गंधार नुसता मध. मग ती बसली आणि सरळ काळी चार दाबली. तिची पट्टी तीच म्हणे. पंचम लावताच लांडगा असा ओरडला की शेजारच्या नानांनी खिडकी लावून घेतली.
ती रागावली नाही. भात्यावरचा हात काढला आणि म्हणाली, बाउजींनी ही माझ्या सुराला लावून घेतली होती.
चूक अर्थात सॉफ्टवेअरची.

१० सप्टेंबर
पेटी दुरुस्त करणारे गिरधरभाऊ आले. त्यांना लांडग्याची थिअरी समजावली. म्हणाले, 'शेठ, पेटीमा लांडगा नही शे, कानस शे. घासेल पितळ परत येत नही.' इकडे शास्त्राची कदर नाही.

१४ सप्टेंबर, धुळे
ही पेटीशिवाय गायली. आयोजकांनी पट्टी विचारली. ती काळी चार म्हणाली, त्यांनी मोबाइलवर तानपुरा लावला. दुसरा नंबर. एवढं चांगलं गाते? बाजूच्या बाईंनी विचारलं, घरी रोज ऐकायला मिळत असेल ना. मी हो म्हणालो.

१५ सप्टेंबर, सकाळी ७
संकल्प: यापुढे आधी विचारायचं, मग करायचं. लगेच सुरुवात. चहा ठेवला आणि विचारलं, साखर किती?
म्हणाली, एकतीस वर्षं बिनसाखरेचाच घेते.