बाबांची गंजी, माझे ठिपके

प्रिय बाबा,

सप्रेम जय भीम. आई बरी आहे. वैशाली नगरात ऊन तापायला लागलं, कूलरला नवीन खस लावली. तुम्ही कांताआत्याकडे भंडाऱ्याला चार दिवसांसाठी म्हणून गेलात, आता महिना होत आला. फोनवर आईशीच बोलता, म्हणून लिहून राहिले.

आपल्या दोघांचं प्रदर्शन संपलं. तुमची तैलचित्रं आणि माझे छाप, सगळं परत आणून तुमच्या खोलीत ठेवलं. ठेवताना जुने रविवार आठवले. स्टील प्लांटची सुट्टी असली की तुम्ही मला स्कूटरवर बसवून उतईच्या शेतांकडे न्यायचे. फ्रान्सच्या एका चित्रकारानं गवताची एकच गंजी सकाळ-संध्याकाळ रंगवली, हे तुम्ही लायब्ररीतल्या पुस्तकात पाहिलं होतं. म्हणून तुम्हीही भाताच्या तणसाची एकच गंजी रंगवत बसायचे. शेतमालक हसायचा. तुम्ही म्हणायचे, "गंजी तेच हाये, उजेड दुसरा हाये."

त्याच चित्रांवरून मी छाप काढले. सुपेल्यात जानरावकाका कापडी पिशव्या छापतात, त्या दुकानात. प्रत्येक रंगाची जाळी वेगळी, तिच्यावरून रबराच्या पट्टीनं शाई ओढायची. तुमच्या ब्रशचा एकेक फटकारा मी ठिपक्यांत मोडला. जवळून नुसते गुलाबी-पिवळे ठिपके दिसतात, मागे सरकलं की गंजी उभी राहते.

प्रदर्शनात त्या दिवशी तुम्ही न सांगता हॉलमधून गेलात. मी दुसऱ्या टोकाला होते, मला वाटलं चहा प्यायला गेलात. परवा आईनं सांगितलं. माझ्या छापासमोर कोणीतरी हसून म्हणालं, "बेटी ने तो बाप का मज़ाक बना दिया." ते तुमच्या कानावर पडलं.

बाबा, ती चेष्टा नव्हती. तुमच्यासारखा ब्रश मला कधीच जमला नाही. मला जाळी आणि शाई जमते. तुमच्या चित्रापर्यंत जायला माझ्याजवळ तेवढीच वाट होती.

आता लिहायचं कारण. नागपूरच्या एका गॅलरीनं आपली दोघांची चित्रं शेजारीशेजारी लावायला मागितली आहेत. तुमचं नाव आधी, मग माझं. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्हाला ती चेष्टाच वाटत असेल, तर नाही म्हणून कळवीन. मला वाईट वाटेल, पण कळवीन. फक्त ते आईजवळ सांगू नका. मला फोन करा आणि मलाच सांगा, रागावून सांगितलं तरी चालेल.

तुमचीच,
मोनाली