सासूबाईंचा अकरा महिन्यांचा करार

२ जानेवारी, सकाळी ६.१०
संकल्प: वर्षअखेर चार फ्लॅट. हिशोब सोपा आहे. पहिल्याचं भाडं दुसऱ्याचा हप्ता भरणार, दुसऱ्याचं तिसऱ्याचा, तिसऱ्याचं चौथ्याचा. आपण फक्त सह्या करायच्या. पहिल्यात आम्हीच राहतो, ही किरकोळ अडचण. औषधांच्या गोदामात वीस वर्षं खोकी मोजली, आता खोल्या मोजू. बायकोला सांगितलं. म्हणाली, आधी बाथरूमचा नळ गळतोय तो बघा. दूरदृष्टी म्हणून नाही!

८ जानेवारी
बँक. मॅनेजरने सॅलरी स्लिप उलटून मागची बाजूही बघितली. मागे काही नव्हतं. एक फ्लॅट की दोन, विचारलं. म्हटलं, तीन. त्याने माझ्यासाठी पाणी मागवलं. सगळ्यांसाठी मागवत नसणार.

१५ जानेवारी
बँकेचं उत्तर नाही. पतसंस्थेत गेलो. तिथे दोन जामीनदार मागितले. मेव्हण्याला फोन केला. बॅटरी संपत आलीय म्हणाला. रविवारीही संपतच होती. त्याला नवा फोन घ्यायला सांगायला हवं.

२० जानेवारी
देव पावला. फायनान्स कंपनीचा एजंट भेटला. कायम टाय लावतो, म्हणून मी त्याला टायच म्हणतो. आजवर भेटलेला पहिला माणूस, ज्याने नाही म्हटलं नाही. म्हणाला, राहतं घर तारण ठेवा, त्याचं भाडं येतं असं दाखवा, दोन फ्लॅटचं कर्ज काढून देतो. म्हटलं, अहो, त्यात आम्हीच राहतो. म्हणाला, ते कागदाला कुठे माहीत आहे?
कागदावरचा भाडेकरू शोधणे. तारणाचं बायकोला योग्य वेळी सांगणे.

२४ जानेवारी
भाडेकरू सापडला. सासूबाई! निवृत्त मुख्याध्यापिका, परगावी एकट्या राहतात, आडनाव वेगळं. कर्जासाठी फक्त फॉर्मॅलिटी आहे, असं सांगितलं. त्यांनी कागद दोन दिवस वाचायला मागितला. एवढ्याशा कागदाला दोन दिवस! वय झालं.

२७ जानेवारी
करार परत आला. लाल पेनाने तीन कलमं वाढवलेली. वाचत बसलो नाही, तशीच टाइप करून घेतली. घरच्याच माणसाचा करार, त्यात काय वाचायचं? सही केली, रजिस्टरही केला. १ फेब्रुवारी ते ३१ डिसेंबर.

६ फेब्रुवारी
बायको माहेरी. तीच वेळ साधून फायनान्सच्या बाई चौकशीला आल्या. विचारलं, घर भाड्याने दिलंय तर तुम्ही कुठे राहता? म्हटलं, इथेच. भाडेकरूंकडे. बाई बराच वेळ लिहीत होत्या. टायने कळवलं की फाइल मंजूर, पण व्याज जरा जास्त, कारण अर्जदाराच्या राहण्याचा ठिकाणा नाही. असू दे. मोठ्या माणसांना जास्तच पडतं.

१२ मार्च
दोन फ्लॅट! चौथा मजला. लिफ्ट लवकरच येणार आहे. बायकोला फक्त फ्लॅटचं सांगितलं. ती म्हणाली, नळ?

१९ एप्रिल
भाडेकरू आले होते, नवरा-बायको. चार मजले चढले, दम खाल्ला, पाणी मागितलं. नळाला पाणी नव्हतं. खाली जाऊन आणून दिलं. पिऊन गेले.

३० जून
दोन्ही फ्लॅट रिकामे. स्कूटर विकून मे महिन्याचा हप्ता भरला. बायकोला सांगितलं, चालणं तब्येतीला चांगलं.

१७ जुलै
टाय फोन उचलत नाही. त्याचीही बॅटरी गेलेली दिसते.

२२ ऑगस्ट
नोटीस आली. तीन हप्ते थकले, घर जप्त का करू नये. पाकीट बायकोने फोडलं. उभ्या उभ्या वाचलं. भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, आपलं घर? मी तारण म्हणजे काय ते समजावायला लागलो. ती आत गेली आणि आईला फोन लावला.

३ सप्टेंबर
सासूबाई आल्या. दोन ट्रंका आणि तो करार. कलमं मोठ्याने वाचून दाखवली. एक, ताबा भाडेकरूचा. दोन, भाडं थेट कर्जाच्या खात्यात. तीन, घरात कोण राहील ते भाडेकरू ठरवेल. म्हटलं, अहो, ही फॉर्मॅलिटी होती ना? म्हणाल्या, मी बत्तीस वर्षं न वाचता सही करणाऱ्या मुलांना ओणवं उभं केलंय.
त्या बेडरूममध्ये. बायकोही. मी हॉलमध्ये, सोफ्यावर. सोफा मला चार बोटं आखूड आहे.

१० सप्टेंबर
सासूबाईंच्या पेन्शनीतून कर्जाच्या खात्यात भाडं गेलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घराचं भाडं आलं. आनंद व्हायला हवा होता.

११ ऑक्टोबर
भाडेकरूंची घरमालकाला लेखी तक्रार: नळ. आज जमणार नाही. त्यांनी पोच मागितली.

१८ नोव्हेंबर
दोन्ही फ्लॅट सासूबाईंनी बिल्डरला परत घ्यायला लावले, घाट्यात. निम्मं कर्ज उरलं. मी भाव वाढतील म्हणालो. दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं. सही केली.

३० डिसेंबर
झोप नाही. उद्या करार संपतो. त्या गेल्या तर पेन्शन गेली, घर गेलं. बायको म्हणते, आई गेली तर मीही तिच्याबरोबर. मला भीती वाटते. हे इथेच लिहितो, दुसरीकडे सांगायची सोय नाही.

३१ डिसेंबर
त्या राहणार! नवा करार. या वेळी शब्दन् शब्द वाचला. चौथं कलम नवीन आहे: घरमालकास हॉलमध्ये राहता येईल, वागणूक बघून. वागणूक कोण बघणार, असं बायकोला विचारलं. तिने पाना आणून हातात दिला.
नळ दुरुस्त केला. दहा मिनिटं लागली.