कारकून कुठल्या पक्षाचा

बाबा, त्या सकाळी मी आडावरून तिसरी कळशी आणून मोरीत ठेवली, तेव्हा तुम्ही ओसरीवर डेस्कापाशी बसून माझं भाषण उतरवून काढत होता. तुमचा काळा कोट ब्रशनं झटकून खुंटीला लावायचं काम माझं. तेही झालं होतं. अंगण सारवायचं राहिलं होतं. पंधरा ऑगस्ट होता. भाषण काकांनी तोंडी सांगितलं होतं आणि मी ते शाईचे डाग पाडत लिहून आणलं होतं. हेडमास्तरांना स्वच्छ प्रत हवी होती, आणि गावात स्वच्छ अक्षर म्हणजे तुमचं. काका घराच्या दुसऱ्या अर्ध्यात राहायचे. ‘चले जाव’च्या वेळी ते तुरुंगात गेले तेव्हा तुम्ही मामलेदार कचेरीत इंग्रज सरकारचे कारकून होता, आणि सुटून आल्यापासून ते तुमच्याशी बोलत नव्हते. आता इंग्रज जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. तुमचं टेबल तेच होतं.

मी शेणाचा हात फिरवत भाषण पाठ म्हणत होते. ते एक वाक्य आलं आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “अहो, काय लिहिलंय ते वाचलंत का?”

“वाचल्याशिवाय नक्कल कशी होईल?”

“मग तेवढं गाळा की!”

“नक्कल करणाऱ्यानं मजकुराला हात लावायचा नसतो,” असं म्हणून तुम्ही टाक दौतीत बुडवला.

वाक्य असं होतं: परक्यांची चाकरी करून ज्यांनी पोटं भरली, त्यांनी या झेंड्याकडे मान वर करून पाहू नये. शाळेच्या पटांगणात मी ते ठणकावून म्हटलं. लोकांनी वळून मागच्या रांगेकडे पाहिलं. तुम्ही तिथे छत्री धरून उभे होता. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. घरी येताना तुम्ही एवढंच म्हणालात, “आवाज मागपर्यंत आला.” मी अकरा वर्षांची होते, पण वाक्य कुणाबद्दल आहे हे मला ठाऊक होतं. हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

आज इथे इंग्लंडात, रीडिंग गावी, माझ्या स्वयंपाकघरात बसले आहे. यांना जाऊन चार वर्षं झाली. दोन कप काढायची सवय आता मोडली, एका भांड्यात दोघांचा चहा टाकायची मोडलेली नाही. मी फार शिकले नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण इथल्या लायब्ररीनं वाचायला शिकवलं. महिन्याभरापूर्वी नात मँचेस्टरहून आली होती, ती युनिव्हर्सिटीचं एक जाडं पुस्तक विसरून गेली. रोमन राज्याखालच्या ज्यू लोकांचा इतिहास. मी रोज वीस पानं वाचली.

बाबा, तुम्हाला हे सांगायला हवं होतं. देश एक, देव एक, देऊळ एक आणि पक्ष चार! सदूकी म्हणजे देवळाचे मोठे पुजारी आणि श्रीमंत घराणी. रोमन लोकांशी जमवून घ्यायचं, पण देवळातले नित्याचे विधी चुकू द्यायचे नाहीत. परुशी गावोगाव धर्मशास्त्र शिकवणारे. त्यांचं सोवळं-ओवळं, हात धुणं, भांडी धुणं वाचताना मला आईच दिसायची. एसीन नावाचे लोक सगळ्यांवर रागावून वाळवंटाकडे निघून गेले. आणि झीलट म्हणजे आपले जहाल. मेलेली माणसं पुन्हा उठतात की नाही, यावरही सदूकी आणि परुशींचं भांडण होतं. त्यात मी कुणाच्या बाजूची, ते माझं रोज बदलतं.

दोन गोष्टी मनातून जात नाहीत. शेवटी रोमन सैन्यानं शहराला वेढा घातला, तेव्हा आत या लोकांनी एकमेकांची धान्याची कोठारं जाळली. शत्रू वेशीबाहेर, आणि भाऊ भावाचं धान्य जाळतोय. दुसरी गोष्ट, मुख्य पुजाऱ्याची सणाची वस्त्रं काही वर्षं रोमन अधिकाऱ्यांनी किल्ल्यात कुलपात ठेवली होती. सणापुरती बाहेर काढायची, सण झाला की परत आत. ती वस्त्रं मोजून ताब्यात घेणारा, देणारा कुणी कारकून असेलच ना? पुस्तकात त्याच्याबद्दल एक ओळ नाही. तो कुठल्या पक्षाचा? घरी गेल्यावर त्याचा भाऊ त्याच्याशी बोलत असेल का? सणाच्या आदल्या दिवशी त्या वस्त्रांवर सुरकुती राहू नये म्हणून तो जपत असेल, असं मला उगाचच वाटतं.

काल नात पुस्तक न्यायला आली. “आजी, तू होल थिंग वाचलीस? हे माझा कोर्सचा पुस्तक आहे!”

“मग? कोर्सवाल्यांनीच वाचायचं असं लिहिलंय का वर?”

“ओके, मग तू कुठल्या टीममध्ये? मी झीलट. ऑब्व्हियसली.”

“खोली आवरायला तुला दोन दिवस लागतात. तू बंड कधी करणार गं?”

ती खूप हसली. मग म्हणाली, “आणि तुझे बाबा? ते टीचर होते ना, मग परुशी. दॅट्स नाइस.” आज रात्री ती परत जाईल, असं म्हणाली आणि मैत्रिणीकडे गेली. माझ्या हातातला कप तसाच राहिला.

कारण मास्तर मीच केलं तुम्हाला. लग्न होऊन इथे आले, यांच्या हॉस्पिटलातल्या मराठी डॉक्टरांच्या बायका विचारायच्या, माहेरी कोण-कोण? मी म्हणायचे, काका स्वातंत्र्यसैनिक, वडील शाळामास्तर. हेही तुमची पत्रं पाहून म्हणायचे, “अक्षर कसं अगदी मास्तरांचं!” आणि मी मान डोलवायचे. शेवटपर्यंत यांना खरं सांगितलं नाही. आता सांगायला हे नाहीत. गंमत पाहा, आम्ही इंग्रजांच्याच देशात येऊन त्यांचीच चाकरी केली, मी स्वतः तेवीस वर्षं हॉस्पिटलच्या रेकॉर्ड ऑफिसात कारकुनी केली, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. तुमची तेवढी वाटली.

तुम्ही मनातून कुणाच्या बाजूचे होता, हे मी कधी विचारलं नाही. अजूनही कळत नाही. ते वाक्य तुम्ही शब्द न बदलता, तुमच्या सर्वात सुंदर अक्षरात लिहिलंत, एवढंच मला माहीत आहे. कदाचित तुम्हाला ते पटलं असेल. कदाचित काकांचे शब्द इतक्या वर्षांनी तुमच्या डेस्कावर आले, म्हणून ते हातातून सोडवले नसतील.

पत्र इथवर लिहून मी पुस्तकात ठेवलं होतं, पण नात पुस्तक नेणार, मग पत्र तिच्या हाती लागेल, म्हणून परत काढून घेतलं. तिला निरोप देताना बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाले, “डबा घेतलास ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मँचेस्टरला फोन केला आणि सांगितलं, तुझे पणजोबा मास्तर नव्हते, इंग्रज सरकारचे कारकून होते.